पाळण्याची तपासणी होते, पाळण्यापर्यंत नेणाऱ्या गाडीची कोण करतो?

राजेहो, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या नागपूरच्या अमरावती रोड, काटोल रोड, वर्धा रोडवरची रिसॉर्टं आणि वॉटर पार्क भरून वाहतात. पार्किंगपासून स्लाइडपर्यंत बरंच चालावं लागतं, डोक्यावर ४४ चं ऊन असतं, म्हणून म्हातारी माणसं आणि लेकरं बॅटरीच्या गाडीत बसतात. गाडी चढावावर दम टाकते, मागची सीट डुगडुगते, ब्रेक मारला की चर्र आवाज येतो. कुणी विचारलंच तर ड्रायव्हरचं उत्तर ठरलेलं: "काही होत नाही काका, रोजचंच आहे." माझं भांडण या "रोजचंच आहे" शी आहे.

आधी कायद्याचं बघू, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. मोटार वाहन कायदा, १९८८. त्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेल्या गोष्टींत या दोन आहेत: रुळांवर चालणारं वाहन, आणि फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात चालवण्यासाठी खास बनवलेलं वाहन. म्हणजे बागेतली टॉय ट्रेनही बाहेर आणि रिसॉर्टची ही बॅटरीची गाडी, म्हणजे गोल्फ कार्टही बाहेर. (रोडवरची ई-रिक्षा किंवा ट्रॅक्टर आवारात आणून फिरवला तर गोष्ट वेगळी.) सीताबर्डीच्या ऑटोला ठरलेल्या मुदतीत पासिंगला जावं लागतं, तिथे ब्रेक, दिवे, टायर बघितले जातात. आवारातल्या कार्टचं पासिंगच नाही. आकाशपाळणा, रोलर कोस्टर हे मोठे झुले परवान्याच्या निमित्ताने का होईना, कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातात. कार्टला 'राईड' म्हणत नाहीत आणि आरटीओ तिला गाडी म्हणत नाही. मग तिचा वाली एकटा मालक.

आणि मालकाचा हिशोब सरळ असतो. पाळण्यासमोर रांग लागते, तिकीट फाटतं, तो बंद पडला तर गल्ला रिकामा राहतो, म्हणून त्याचा मेकॅनिक सकाळी सातला हजर. कार्ट फुकट नेते. ती बंद पडली तर लोक कुरकुरत चालत जातात, गल्ल्याला काही होत नाही. त्यामुळे तिचा खर्च आधी पुढच्या महिन्यावर जातो, मग पुढच्या सीझनवर.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डची मोनोरेल १९७१ पासून धावते, तिचा मार्ग जवळपास २३.६ किलोमीटरचा आहे. आज चालणाऱ्या मार्क सिक्स जातीच्या गाड्या १९८९ पासून आल्या, म्हणजे पस्तिशी ओलांडली. २०१८ च्या जानेवारीत धावत्या गाडीचं दार सताड उघडं असल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. पण त्याहून महत्त्वाचा ५ जुलै २००९ चा अपघात. रात्री दोनच्या सुमारास एक गाडी उलटी घेऊन दुसऱ्या मार्गावर टाकायची होती. मार्ग बदलणारी तुळई हललीच नाही, गाडी आल्या मार्गानेच मागे गेली, स्टेशनात उभ्या गाडीवर आदळली आणि त्या गाडीचा २१ वर्षांचा चालक गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण काय काढलं? तुळई नीट बसवली नव्हती, ती बसली का हे ज्याने बघायचं त्याने न बघताच परवानगी दिली, आणि गाडी उलटी घेण्याची लेखी कार्यपद्धतच नव्हती. कुठलाही पार्ट तुटला नव्हता, म्हणून मी कार्टच्या मेन्टेनन्समध्ये ऑइल-ग्रीसच्या आधी रोजच्या तपासणीचं रजिस्टर धरतो.

आता आपल्या गाडीवर येऊ. सगळ्यात जास्त मार खाते ती बॅटरी, आणि नागपुरात तर दुप्पट. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे पारा ४७.९ ला गेला होता. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचं आयुष्य अर्ध्यावर येतं. टिनाच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता चार्जिंगला लावलेली गाडी म्हणजे बॅटरीची भाजीच. संध्याकाळी गाडी आली की तासभर थंड होऊ द्या, रात्री चार्जिंगला लावा आणि पूर्ण होईपर्यंत काढू नका. मधल्या वेळेत अर्धा-अर्धा तास चार्जर लावून सीझन काढणाऱ्यांचे बॅटऱ्यांचे सेट लवकर बसतात, कारण बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि प्लेटांवर सल्फेट घट्ट होत जातं. चार्जिंगची खोली हवेशीर हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि तिथेच कोपऱ्यात वॉचमन बिडी ओढत बसलेला असतो.

साधारण कार्टचा सेट ४८ व्होल्टचा: ६ व्होल्टच्या आठ नाहीतर ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. दोन्हीकडे सेल (बॅटरीतले दोन-दोन व्होल्टचे कप्पे) चोवीसच. पाणी टाकायचं ते पूर्ण चार्ज झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उसळून वर येतं आणि ट्रे खाऊन टाकतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडण्यापुरतंच. पाणी डिस्टिल्डच हवं. आरओचं नाही, एसीच्या नळीतून ठिबकणारं तर अजिबात नाही. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेले असतात. वर ॲसिड ओतून 'पॉवर वाढवणारे' कारागीर भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. ॲसिड उडत नाही, पाणी उडतं, म्हणून टाकायचं ते पाणीच. हिवाळ्यात महिन्याला एकदा बघितलं तरी निभतं, एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला बघावं लागतं.

हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडचा दाटपणा मोजणारी नळी) काही शे रुपयांत मिळतो आणि सगळं सांगतो. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचं रीडिंग १.२६५ ते १.२८० च्या मधे यायला हवं. चोवीसच्या चोवीस सेल मोजा, लिहून ठेवा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम लांबवलेलं चार्जिंग) द्या आणि पुन्हा मोजा. तरी वर आला नाही तर ती बॅटरी गेली. इथेच मालक चूक करतो: सात जुन्यांत एक नवी बसवतो. सीरिजमध्ये, म्हणजे एकीला एक ओळीने जोडलेल्या बॅटऱ्यांत, करंट सगळ्यांतून सारखाच जातो. चार्जर जुन्यांच्या मापाने चालतो, नवीला हवं तसं मिळत नाही, आणि काही महिन्यांत ती जुन्यांच्याच रांगेत जाऊन बसते. सेट फार जुना नसेल तर त्याच वयाची, त्याच कंपनीची वापरलेली बॅटरी शोधा. म्हातारा झाला असेल तर पूर्ण सेट बदला.

"चढावावर दम टाकते" या तक्रारीवर लोक थेट मोटर उघडतात. आधी मल्टिमीटर घ्या. रात्रभर चार्ज होऊन काही तास विसावलेला सेट ५०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो. मग गाडी भरून चढावावर घ्या आणि दुसऱ्या माणसाला एकेका बॅटरीवर व्होल्टेज बघायला लावा. बाकीच्या किंचित खाली येतात, गुन्हेगार एकटाच धपकन कोसळतो. सगळ्या ठीक असतील तर केबलचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या) हाताने चाचपा, अर्थात गाडी बंद करून. नट ढिला असला की तिथे रेझिस्टन्स वाढतो, लग तापतो, शिसाचं टर्मिनल वितळायला लागतं. पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (झाकणं घट्ट लावून, सोडा आत गेला तर सेल संपला), कोरडं करा, नट कसा, वरून व्हॅसलीन. वॉटर पार्कात हे जास्तच लागतं, क्लोरीनचं पाणी तांबं आणि लोखंड दोन्ही खातं.

लिथियम बसवली की सुटलो, असं वाटणाऱ्यांना एवढंच: चार्जरही बदला. जुना लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे आगीला आवतन.

बॅटरी ठीक असूनही गाडी ओढत नसेल तर ब्रेक धरलेला असतो. बहुतेक कार्टना फक्त मागच्या चाकांना ड्रम असतात, वायरवर चालणारे. वायर म्यानात गंजली की पेडल सोडलं तरी लायनर ड्रमला घासत राहतो. जॅक लावून चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं नाही तर उत्तर मिळालं. उलट, पाण्यातून आलेल्या गाडीचा ओला ड्रम पकडच घेत नाही. रोज सकाळी करायची तपासणी सोपी आहे. सपाट रस्त्यावर पेंटने दोन रेघा मारा. गाडीत सीटांइतकी वाळूची पोती भरा, पहिल्या रेघेवर ठरलेल्या वेगाने या आणि ब्रेक दाबा. गाडी चांगली असताना जिथे थांबली तिथे दुसरी रेघ. ज्या दिवशी रेघ ओलांडेल त्या दिवशी ती शेडमध्ये. हँडब्रेकसाठी हीच पोती भरून उतारावर उभी करा आणि पाच मिनिटं बघत राहा.

ट्रॅक्टरमागे तीन-चार डबे जोडलेली 'झुकझुक गाडी' मला जास्त भीतीदायक वाटते. तिचा ब्रेक पुढच्या ट्रॅक्टरलाच, डब्यांना बहुधा काहीच नाही. उतारावर भरलेले डबे मागून ढकलतात. आणि ते सगळं लटकलेलं असतं एका पिनेवर. त्या पिनेत स्प्लिट पिनच (पाय फाकवून अडकवायची छोटी पिन) हवी. वाकवलेला खिळा किंवा बायंडिंग वायर दिसली तर त्या गाडीत कुणी बसू नये. पिनेचा व्यास दहा टक्के झिजला की फेकून द्यावी. डबे जोडणाऱ्या दांड्याखाली दोन सेफ्टी चेन एकमेकींना फुली मारून लावायच्या, म्हणजे पिन तुटली तरी दांडा चेनच्या झोळीत पडतो, जमिनीत रुतत नाही.

रुळाच्या टॉय ट्रेनचं नागपूरला काय सांगायचं, कडबी चौकात नॅरोगेजचं म्युझियम आहे आपलं! पण बागेतले रूळ टाकणारा ठेकेदार बऱ्याचदा वेल्डर असतो, रेल्वेवाला नसतो. तो सांधे वेल्ड करून मोकळा होतो. आता हिशोब बघा: ६ मीटरचा रूळ डिसेंबरच्या सकाळी १० अंशांवर, मेच्या दुपारी उन्हात ६० वर. लोखंड त्या ५० अंशांत जवळजवळ साडेतीन मिलिमीटर वाढतं. सांध्यात फट नसेल, किंवा ती मातीने बुजली असेल, तर रूळ बाजूला फुगतो आणि डबा उतरतो. फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट आवळायचे, पण रूळ सरकू शकेल इतपतच.

सुट्या भागांचं मात्र खरेदीच्या दिवशीच बघायला हवं. आपल्याच राज्यात मुंबई मोनोरेल बघा: २०१४ ला सुरू, २०१७ च्या नोव्हेंबरात डब्यांना आग, २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत बंद, आणि पार्ट मिळत नाहीत म्हणून गाड्या उभ्या. कार्टचंही छोट्या प्रमाणात हेच होतं. स्वस्त म्हणून आणलेल्या इम्पोर्टेड गाडीचा कंट्रोलर (मोटरला करंट कमी-जास्त देणारा डबा) जळला की तिचे पार्ट काढून दुसरी चालवतात, मग दुसरीचे काढून तिसरी. घेतानाच एक कंट्रोलर, दोन सोलेनॉइड, ब्रेक वायरचा सेट, लायनरचे दोन जोड आणि टाय रॉड एंड कपाटात असू द्या, आणि वायरिंगचा नकाशा कागदावर मागून घ्या.

शाळेची सहल नेणाऱ्या सर-मॅडमना एक काम सांगतो. गेटवर पोहोचल्यावर गाडीचं मागच्या सात दिवसांचं रजिस्टर मागा. तारीख, तपासणाऱ्याची सही, पाणी किती टाकलं, रेघेच्या अलीकडे थांबली की पलीकडे, हे त्यात असायला हवं. सातही दिवस एकाच पेनाने, एकाच अक्षरात 'ओके, ओके' लिहिलेलं दिसलं तर मुलांना टोप्या घालायला लावा, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि चालत न्या.