कमाटीबागेत न जाण्याची 11 कारणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सवय बदलण्याआधी स्वतःला खरे प्रश्न विचारावेत, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. प्रश्न विचारत बसणे ही निव्वळ टाळाटाळ असून 21 दिवस नेटाने केले की कोणतीही सवय लागते, हा पहिला. आणि माणूस स्वतःला खरे उत्तर देतच नाही, हा दुसरा. जाता जाता आपण हेही लिहिले आहे की, आपले स्वतःचे वाचन गेली तीन वर्षे बंद पडले आहे.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एक साधी गोष्ट करायला सांगितली होती. 2010 साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधानुसार ती अंगवळणी पडायला कोणाला 18 दिवस लागले, तर कोणाला 254 दिवस लागतील असे गणिताने निघाले. मधला आकडा 66 होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. म्हणजे बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवणारे कितीतरी लोक उगाचच हात टेकत असणार.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला आधारही आहे. निस्बेट आणि विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एक प्रयोग नोंदवला आहे. नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार अगदी हुबेहूब जोड मांडून लोकांना त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितले, तेव्हा सर्वाधिक पसंती उजव्या टोकाच्या जोडाला मिळाली. कारण विचारल्यावर मात्र लोकांनी पोतासारखे गुण सांगितले, जागेचे नाव आपणहून कोणी काढले नाही. ‘का’ असे विचारले की माणूस स्वतःचे वकीलपत्र घेतो, असे मला यावरून वाटते.

हे मी स्वतः भोगले आहे. बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातून कमाटीबाग हे उद्यान काही लांब नाही, तरी सकाळी फिरायला जाण्याचा माझा संकल्प दोन वर्षे वहीतच राहिला. ‘का गेलो नाही?’ या प्रश्नाखाली मी 11 कारणे लिहिली होती : गुडघा, उकाडा, रस्त्यावरची कुत्री, अगदी बुटाची नाडीसुद्धा. एकही खोटे नव्हते आणि एकाचाही उपयोग झाला नाही. मग मी प्रश्न बदलला : काल रात्री किती वाजता झोपलो, आणि त्याआधीच्या तासाभरात हातात काय होते? उत्तर होते साडेबारा, आणि फोन. मुलगा टोरांटोला असतो; त्याचा फोन येईल म्हणून तो उशाशी ठेवायचा, आणि येत नाही तोवर त्यावर काहीबाही पाहत पडायचे. वाट पाहतो आहे, हे त्याला कधी सांगितले नव्हते. हे उत्तर लिहिताना लाज वाटली. पहिल्या अकरांपैकी एकाही कारणाने ती वाटली नव्हती.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो. आता त्याच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि मी बागेतल्या फुलांच्या घड्याळापाशी त्याचा फोन घेतो. (तिकडची घड्याळे नोव्हेंबरात तासभर मागे जातात, तेव्हा वेळेची पुन्हा जुळवाजुळव करावी लागते.) 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा फिरणे कित्येक दिवस बंद होते. आपल्या हिशेबाने मी पहिल्या दिवसावर आलो. प्रत्यक्षात बूट घातले आणि निघालो, कारण साडेसहाचा फोन पुरातही चुकला नव्हता.

आपले वाचन का थांबले, असे मी विचारणार नाही, कारण त्याची उत्तरे आपल्यापाशी तयार असतील. शेवटचे पुस्तक कितव्या पानावर मिटले, तेव्हा घरात कोण होते, आणि ते पुस्तक आज कुठे ठेवलेले आहे, एवढे मात्र सवडीने अवश्य कळवावे.