मधली शर्यत कोणी पाहिली?

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा लुत्सा कोझाकचा, म्हणजे हंगेरीच्या अडथळा-शर्यतपटूचा, व्हिडिओ आला. (ग्रुपवर ती 'लुका' आहे. सुधारायचा नाद मी सोडलाय.) शर्यतीआधी ती केस बांधते, ब्लॉकमध्ये बसते, तेवढंच, तेही स्लो मोशनमध्ये. खाली बदामांची रांग. मग आमच्यातल्या मास्तर झालेल्याने लिहिलं, 'असल्या कपड्यांमुळेच फेमस, दुसरं काय!' झालं, दुपारभर जुंपली.

मी चिडून टाकलं: म्युनिक, 2022, युरोपियन स्पर्धा, 100 मीटर हर्डल्स (अडथळ्यांची शर्यत), 12.69 सेकंद, रौप्य. उत्तर आलं, 'तू तिचा पीए का रे?'

एक मिटक्या मारतो, दुसरा नाक मुरडतो, पण बघतात दोघं एकच. मधली शर्यत कोणीच पाहिलेली नाही. दहा हर्डल्स, प्रत्येक 83.8 सेंटिमीटर उंच. दोन हर्डल्समधलं अंतर साडेआठ मीटर आणि त्यात पावलं तीनच. चौथं पडलं की खेळ खलास. याच्यावर एकाने तरी भांडावं ना!

इथे हंगेरीत असं नसतं, असं मी ठोकून दिलं. आमच्या बिल्डिंगमधली आजी फ्रच (वाइन-सोडा) घेत बसली की इथल्या हर्डल्सवाल्या बॉयी बॉलाझचं 2017 मधलं लंडनच्या जागतिक स्पर्धेतलं ब्राँझ काल घडल्यासारखं सांगते. ते व्हिडिओ कापणारे काही सगळे आमच्या साताऱ्याचे नाहीत, इथलेही आहेत, हे मात्र मी ग्रुपवर बोललो नाही. कशाला त्यांच्या हातात कोलीत द्या?

खरा राग वेगळाच आहे. आपल्या भारताच्या हर्डल्सवाल्या ज्योती याराजीचं नाव त्या ग्रुपवर एकदाही आलेलं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये चीनमधल्या चेंगदूला तिने 12.78 ची वेळ दिली. कोझाकच्या त्या रौप्यापेक्षा नऊ शतांश जास्त, बस्स. त्याच महिन्यात ती इथे बुडापेस्टला जागतिक स्पर्धेत धावली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली. आपल्या बीडचा अविनाश साबळेही हीटमध्येच अडकला. ग्रुपवर चिडीचूप. नीरजच्या सुवर्णाला मात्र तिरंग्यांचा पाऊस.

त्या रात्री २ नंबरच्या ट्राममध्ये एका अनोळखी माणसाने माझा हात धरून अभिनंदन केलं, जणू भाला मीच फेकला होता. मला ते फार आवडलं. त्याआधी स्टेडियममध्ये यजमानांसाठी मी 'हॉयरा मॉद्यॉरोक' (चला हंगेरीकरांनो) ओरडलो, तर पुढच्या रांगेतला पोरगा मागे वळून हसला. वाईट हेतूने नव्हे. तरी पुढच्या वेळी माझा आवाज जरा खालीच होता.

ग्रुपवर तसं कोणी वळून बघत नाही. तिथे मी पक्का बुडापेस्टकर, कोझाकचा वकील, हंगेरीबद्दल शेवटचा शब्द माझा. इकडे ऑफिसात मात्र ज्योतीचे आकडे सांगत सुटतो, कोणी विचारलेलं नसताना.