चौदा आकडी फुकट

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन गोष्टी हमखास फुकट मिळतात: पब्लिक लायब्ररीचं कार्ड, ज्यावर घरबसल्या सिनेमेही बघता येतात, आणि इतरांचे सल्ले. सल्ल्यांसाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही.

कार्डासाठी लागतो. ड्रायव्हिंग लायसन्स, नाहीतर नावावरचं विजेचं बिल, नाहीतर भाडेकरार. घाईतली मंडळी घरबसल्या ऑनलाइन ई-कार्ड काढतात आणि पहिल्याच पायरीवर आपटतात, कारण बऱ्याच लायब्ररींत ते तात्पुरतं असतं आणि त्यावर सिनेमा लागेलच असं नाही. सरळ काउंटरवर जावं आणि प्लास्टिकचं कार्ड घेऊन यावं. त्याच्या मागे बारकोडखाली बहुधा चौदा आकडे असतात. सिनेमाच्या ॲपमध्ये ते सगळे, मध्ये मोकळी जागा न सोडता, टाइप करायचे. पिन म्हणजे पुष्कळदा फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. कुठल्या फोनचे? कार्ड काढलं तेव्हा जो होता त्याचे. त्यानंतर आपण दोन घरं आणि तीन कंपन्या बदलल्या, हे लायब्ररीला कोण सांगणार?

कॅलिफोर्नियावाल्यांचं मात्र भाग्य थोर. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन्ही शहरांच्या लायब्ररी राज्यातल्या कुठल्याही रहिवाशाला कार्ड देतात. त्यामुळे फ्रीमाँटच्या एखाद्या घरात दुधाच्या डब्यांपेक्षा लायब्ररीची कार्डं जास्त निघाली, तर नवल वाटू नये.

लायब्ररीच्या कार्डावर सिनेमे दाखवणारी ऑनलाइन दुकानं मुख्यतः दोन, कॅनोपी आणि हूपला. आपल्या लायब्ररीने दोन्ही घेतलेली असतील, एकच असेल किंवा एकही नसेल. आता इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्यावी, म्हणजे पुढचा निम्मा वैताग वाचतो. डीव्हीडी विकत घेतली की ती लायब्ररीची झाली; अमेरिकन कायद्याप्रमाणे ती कितीही जणांना, कितीही वेळा देता येते. स्ट्रीमिंगमध्ये लायब्ररीच्या मालकीचं काहीच नसतं. आपण सोफ्यावर पाय पसरून प्ले दाबला, की तिकडे लायब्ररीच्या नावावर रिक्षाचा मीटर पडतो. हा मीटर इतका पळाला, की न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिन्ही लायब्ररी व्यवस्थांनी 1 जुलै 2019 पासून कॅनोपी बंद केलं. लोक सिनेमे बघत नव्हते म्हणून नाही, बघत होते म्हणून!

खर्चाला लगाम म्हणून कॅनोपीवर तिकिटं असतात. महिन्याला किती द्यायची ते लायब्ररी ठरवते. कुठल्या सिनेमाला किती तिकिटं आणि किती तास, हे त्या सिनेमाच्या पानावरच लिहिलेलं असतं, आणि ते कुणीही वाचत नाही. प्ले दाबून होकार दिला की तिकिटं कापली गेली. दहा मिनिटांत 'फारच संथ आहे हो' असं म्हणून उठलात तरी परत मिळत नाहीत. घड्याळही आपण बघतोय की झोपलोय याची फिकीर न करता चालू राहतं. शुक्रवारी संध्याकाळी लावलेला दोन दिवसांचा सिनेमा रविवारी रात्री जेवणं उरकून पुढे बघू म्हटलं, तर तो गेलेला असतो. महिनाअखेर उरलेली तिकिटं पुढे जात नाहीत, एक तारखेला पाटी कोरी. साहजिकच तीस तारखेला घराघरांत आइसलँडमधल्या मेंढपाळांवरचे माहितीपट श्रद्धेने बघितले जातात. यावर माझ्या मते एकच शहाणपण: नवरा-बायकोने वेगवेगळी कार्डं काढावीत. तिकिटं कार्डागणिक मिळतात, संसारागणिक नाही.

हूपलाची तऱ्हा निराळी. तिकीट नाही, पण महिन्याला ठरावीकच वेळा 'उसनं' घेता येतं. सिनेमा 72 तास आपल्याकडे राहतो. सज्जनपणाने लवकर परत केला तरी ती खेप मोजली जाते, तेव्हा सज्जनपणा इथे दाखवू नये. त्यात बऱ्याच लायब्ररींनी दिवसाच्या खर्चालाही मर्यादा घातलेली असते. आपला कोटा शिल्लक असतो, पण गावातल्या इतरांनी दुपारीच लायब्ररीचे आजचे पैसे संपवलेले असतात, आणि पडद्यावर निरोप येतो: उद्या या. पुण्यातल्या कुठल्याही काउंटरवर ऐकलेले हे शब्द इतक्या नम्रपणे येतात की आधी विश्वासच बसत नाही. उपाय सोपा आहे: सकाळी चहा टाकतानाच सिनेमा घेऊन ठेवायचा.

विद्यापीठात कार्डाची कटकट नाही, पण मीटर तिथेही आहे. कॅनोपीच्या जुन्या पद्धतीत एखादा सिनेमा चार वेळा, प्रत्येकी तीस सेकंदांपेक्षा जास्त चालला, की विद्यापीठाला वर्षभराचा परवाना लागायचा, साधारण 150 डॉलरचा. म्हणजे होस्टेलवरच्या चौघांनी 'बघू तरी काय आहे' म्हणून मिनिट-मिनिटभर डोकावलं, की लायब्ररीचं बिल तयार. आता पुष्कळ ठिकाणी आधी अर्ज करावा लागतो आणि त्यात प्राध्यापकांचं नाव विचारतात. पदवी मिळाल्यावर लॉगिनही कधीतरी गुपचूप बंद होतं.

एवढं सगळं जमलं की टीव्ही आडवा येतो. टीव्हीला जोडायचं रोकू किंवा फायर टीव्हीसारखं उपकरण असेल तर त्यावर ॲप घालावं, पडद्यावर येणारा कोड फोनवरून भरावा आणि मोकळं व्हावं. रिमोटच्या बाणांनी ईमेल आणि पासवर्ड टाइप करण्याचा पुरुषार्थ गाजवू नये, '@' सापडेपर्यंत माणूस चिडचिडा होतो. काहीजण जुन्या, फक्त चित्र नेणाऱ्या व्हीजीए अडॅप्टरने लॅपटॉप टीव्हीला जोडतात. मग लॅपटॉपमधून संवाद ऐकू येतात, पार्श्वसंगीत घुमतं आणि चित्र ठार काळं. केबल बिघडलेली नसते. चोरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात एक सांकेतिक ओळख पटावी लागते. जुन्या व्हीजीए अडॅप्टरला ती देता येत नाही, आणि चित्र अडवलं जातं.

आणि डिसेंबरात पुण्याला जाताना विमानतळावर नव्हे, घरीच या सिनेमांचा निरोप घ्यावा. परवाने देशापुरते असतात. हूपला भारतात चालत नाही.

या सगळ्याला कंटाळलेल्यांसाठी लायब्ररीत डीव्हीडीचं कपाट अजून आहे. तिकीट नाही, मीटर नाही. लॅपटॉपला डीव्हीडीची खाच उरलेली नाही, एवढीच अडचण. यूएसबीला लावायचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा, महाग नसतो. चकती घरी आणण्यापूर्वी काउंटरवरच उजेडात तिरकी धरून बघावी. ओरखडा असेलच. कडेला असला तर जास्त जपावं: माहितीचा एकच थर असलेली डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे तिच्या कडेचा ओरखडा नेमका खुनी कोण ते कळायच्या वेळी लागू शकतो.