अण्णांना कॉपी

ऑफिसच्या ईमेलच्या सुरक्षिततेबाबत माझ्यावर कुणी बोट ठेवावं असं काही मी केलेलं नाही, असा माझा परवापर्यंत समज होता. पासवर्ड मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही. तो कीबोर्डखाली चिकटवलेला आहे. ज्याला हवा त्याने उचलून बघावा, पण माझ्या तोंडून तो निघणार नाही.

बॅलार्ड इस्टेटमध्ये आमचं क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून पुढे पोचवायचं, ऑफिस आहे. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायचा, असा तिथला नियम. मी सरळ सणांचा आधार घेतला. पाडवा, वटपौर्णिमा, गणपती, दिवाळी आणि पुढे साल. माझं खातं फोडायला चोराला कॉम्प्युटर लागलाच नसता, भिंतीवरचं कालनिर्णय पुरलं असतं.

तर आमच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या फर्मला दणका बसला. परदेशी एजंटकडून मेल आला, ‘आमचं बँक खातं बदललंय, फ्रेटचे पैसे नव्या खात्यात भरा.’ यांनी भरले. एजंटला मात्र यातलं काही ठाऊकच नव्हतं. हे कळल्यावर आमच्या साहेबांना त्या रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आयटीवाली मुलगी खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. वयाने माझ्या लेकीएवढी. ‘काका, सेटिंग्ज बघूया,’ ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की डेंटिस्टची आठवण झाली.

तिने आधी कीबोर्ड उचलला. सगळ्यांचंच तिथे असतं म्हणे. सणांची यादी वाचून ती हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. ‘काका, ठरावीक दिवसांनी उगाच पासवर्ड बदलायला लावू नका, असं अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय. माणसं मग हेच करतात. लांबलचक, कुणाला सुचणार नाही असा एकच ठेवा.’ म्हणजे इतकी वर्षं मी सण फुकट घालवले.

मग मोबाइलमध्ये सहा आकड्यांचं ॲप आलं. पासवर्डनंतर हे आकडेही टाकायचे, तरच मेल उघडणार. आकडे दर तीस सेकंदांनी बदलतात. खिशातून चष्मा काढायला मला वीस सेकंद लागतात, तो पुसायला आठ. राहिलेल्या दोन सेकंदांत सहा आकडे बघून टाइप करायचे. पहिल्या दिवशी मी नऊ वेळा हरलो. या आकड्यांना नेटवर्क लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण असल्याचं तिने सांगितलं. असेल. पण डोंबिवली फास्टमध्ये कुर्ल्याला खिशापर्यंत हात पोचत नाही, त्यावर अजून ॲप निघालेलं नाही.

पाठवणाऱ्याचं नुसतं नाव वाचायचं नाही, नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता बघायचा. नाव साहेबांचं आणि पत्ता भलत्याचाच, असं असू शकतं. मेलमधली चित्रं आपोआप उघडू द्यायची नाहीत, कारण चित्र उघडलं की आपण मेल वाचल्याचं समोरच्याला कळू शकतं. आणि फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे फाइल कसली आहे ते सांगणारी टिंबानंतरची अक्षरं, दाखवणारं सेटिंग चालू ठेवायचं. हे शेवटचं मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या ऑफिसने ते अंगावर घेतलेलं होतं.

मे २००० मधली गोष्ट. ‘आय लव्ह यू’ असा विषय लिहिलेला व्हायरस फिलिपिन्समधून निघून जगभर पसरला. सोबतची फाइल प्रेमपत्राच्या नावाची. दिसायला साधा मजकूर, पण विंडोज खरं शेपूट लपवायचं. आमच्याकडे ती कुणी उघडली असेल? अण्णांनी. अण्णा म्हणजे इम्पोर्ट डेस्कचा आधारस्तंभ, कपाळाला गंध, डब्यात रोज कारलं. फाइल उघडताच अण्णांच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना अण्णांच्या नावाने प्रेमपत्र गेलं. साहेब, तीन शिपिंग लाइन्स आणि न्हावा शेव्याचा एक सरदारजी ट्रान्सपोर्टर. ‘कुणाचं आलंय ते तरी बघायला नको का?’ एवढंच अण्णा पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले.

अण्णा २०१८ मध्ये निवृत्त झाले, पण त्यांचा दरारा गेला नाही. ‘आज त्या कंटेनरच्या फ्री डेजचा शेवटचा दिवस ना रे?’ असा ठाण्याहून फोन यायचा, आणि खरंच असायचा. फ्री डेज म्हणजे कंटेनर फुकट वापरायचे दिवस; ते उलटले की शिपिंग लाइन दर दिवसाचा दंड लावते, त्याला डिटेन्शन म्हणतात. आम्ही थक्क व्हायचो. याला म्हणतात अनुभव! गेल्या वर्षी माझं अप्रेझल वाईट झालं. मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. आठवड्याने अण्णांनी च्यवनप्राशचा डबा पाठवला. ‘देवमाणूस आहे,’ ही म्हणाली.

‘काका, हा नियम कुणी केलाय?’ मुलीचा आवाज बदलला होता. स्क्रीनवर एकच ओळ होती. येणारा प्रत्येक मेल बाहेरच्या एका पत्त्यावर पुढे पाठवावा. चोर नेमकं हेच करतात, असं ती म्हणाली. एकदा आत शिरले की गुपचूप असा नियम करून ठेवतात आणि पैशांची बोलणी सुरू झाली की बरोबर वेळ साधून ‘खातं बदललंय’ म्हणतात. पासवर्ड बदलला तरी नियम तसाच राहतो. ती १९३० या सायबर हेल्पलाइनबद्दल सांगत होती आणि मी तो पत्ता वाचत होतो.

पत्ता अण्णांचा होता. घरचा. २०१५ मध्ये गणपतीला कोकणात जाताना, पाच दिवसांसाठी, मीच केलेला नियम. अण्णांच्या ऑफिसच्या मेलबॉक्सचं पोट कायम तुडुंब असायचं, म्हणून घरच्या पत्त्यावर. गणपती पाचव्या दिवशी गेले. नियम राहिला. कोटेशनं, पगाराच्या स्लिपा, अप्रेझल, सगळं अण्णांकडे रोज सकाळी चहाबरोबर पोचत होतं.

मुलीने नियम काढला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पोरगी गुणी आहे.

चौथ्या दिवशी फोन आला.

‘काय रे, सर्व्हर बंद आहे का तुमचा? सोमवारपासून एक मेल नाही.’

‘अण्णा, तुम्ही ते... वाचायचात?’

‘म्हणजे? तू मुद्दाम पाठवायचास ना? मी हिला म्हटलंसुद्धा, पोरगं मला विसरलेलं नाही.’

आता यावर काय बोलणार? सिक्युरिटीचं काम चालू आहे, असं काहीतरी पुटपुटलो.

‘बरं बरं,’ अण्णा म्हणाले. ‘पण शेवटचा जो आला होता, शिपिंग लाइनच्या बिलाचा, त्यात डिटेन्शनचे दोन दिवस जास्त लावलेत. पैसे भरायच्या आधी तेवढं बघ.’

बघितलं. दोन दिवस जास्तच लावले होते.