‘ओळख असेल तरच आत’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

दिवाळीचा फराळ संपत आला की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला दांडिया बाजारातल्या एका काकांनी पाठवला. त्यांच्या मुलीला गोव्याला इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जायचंय आणि ‘ताई जाऊन आलीय, तिला विचारा’ असं तिनं घरी सांगितलं होतं. मेसेज असा: ‘फिल्म फेस्टिवलचे प्रीमियर स्टार लोकांसाठी आणि त्यांच्या ओळखीतल्यांसाठी असतात. विद्यार्थ्यांचा पास म्हणजे गळ्यात घालून फोटो काढायची सोय. अंगात सूट नसेल तर दारातूनच परत. दोन महिन्यांत तेच पिक्चर मोबाईलवर फुकट येतं. पोरांचे पैसे आणि सेमिस्टर वाया घालवू नका.’ खाली जोडलेले हात, तीनदा.

मी विद्यार्थी असताना गेले, नंतरही गेले, आणि दारातून परतही आलेय. त्यामुळे एकेक वाक्य बघू.

‘प्रीमियर स्टार लोकांसाठी.’ इथे सगळा घोळ ‘प्रीमियर’ या शब्दाचा आहे. आपल्याला तो ऐकला की लाल गालिचा दिसतो. फेस्टिवलवाले मात्र तो शब्द मोजमापासारखा वापरतात: जगात पहिल्यांदा दाखवला तर वर्ल्ड प्रीमियर, आशियात पहिल्यांदा तर एशिया, देशात पहिल्यांदा तर इंडिया प्रीमियर. उद्घाटनाच्या सोहळ्याला आमंत्रण लागतं, हे काकांचं खरं. पण टीव्हीवर दिसतो तो तेवढाच भाग. बाकीचे कितीतरी प्रीमियर पणजीच्या मल्टिप्लेक्समध्ये सकाळी नऊ-साडेनऊला, अर्धवट झोपेतल्या लोकांसमोर होतात. स्टार कुठला, दिग्दर्शक आला तरी नशीब. माझ्या पहिल्या वर्षी एका इंडिया प्रीमियरला माझ्या रांगेत पाच मुलं होती. पाचही जणांच्या मांडीवर सॅक, आणि एकाच्या सॅकमधून थेपल्यांचा वास. आपलाच कोणीतरी!

‘पास म्हणजे फोटो काढायची सोय.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण आपल्याकडे पासाशिवाय जवळजवळ काहीच होत नाही आणि त्यामागे कायदा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे कुठलाही चित्रपट लोकांना दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. फेस्टिवलला परदेशातून आलेल्या चित्रपटांकडे ते नसतं. त्याच कायद्याच्या ९ व्या कलमाखाली सरकार त्यांना सूट देतं, आणि ती मिळते प्रेक्षक आधी नोंदणी केलेले प्रतिनिधी (डेलिगेट) असतील या अटीवर. म्हणून खिडकीवर तिकीट विकत नाहीत. म्हणजे गळ्यातलं ते कार्ड मिरवायचं नसून कायद्याच्या भाषेत तुम्हाला ‘आम जनता’तून ‘प्रतिनिधी’त नेणारा कागद आहे. विद्यार्थ्यांची नोंदणी वेगळ्या वर्गात होते, कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो. योगायोग असा की आपला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सवही १९५२ चाच, मुंबईत भरलेला. गोव्यात तो २००४ पासून आहे.

आता पास असूनही बाहेर राहावं लागतं का? लागतं. पासावर प्रत्येक शोची जागा वेगळी आरक्षित करायची असते आणि गाजलेल्या चित्रपटाच्या जागा बघता बघता संपतात. मी एकदा चहा घेऊन येते म्हणून मोबाईल ठेवला आणि परत आले तर सगळं लाल. मग उरते रश लाइन. आरक्षण करून न आलेल्यांच्या जागा शो सुरू व्हायच्या तोंडावर रांगेतल्यांना देतात. मी त्या रांगेत सव्वा तास उभी होते. माझ्या पुढच्या आजोबांपर्यंत लोक आत गेले आणि दार बंद झालं. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण त्या रांगेत कुणाची ओळख चालताना मी पाहिली नाही, आणि तोच चित्रपट पुढे पुन्हा होता. बहुतेक चित्रपट एकाहून जास्त वेळा दाखवतात. वेळापत्रक हातात आलं की आधी दुसऱ्या खेळाची वेळ शोधायची. पहिल्या खेळासाठी मारामारी नवखे करतात.

बाहेरच्या देशांतही सगळीकडे दार बंद नसतं. १९५१ पासून भरणाऱ्या बर्लिनच्या महोत्सवात सामान्य माणूस सरळ तिकीट काढतो. तिथे वर्षाला ३ लाखांहून जास्त तिकिटं विकली जातात. टोरांटोत तर सगळ्यात मानाचा पुरस्कार प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो.

काकांचा मेसेज खरा ठरतो तो फ्रान्सच्या कान महोत्सवाला. तिथे सर्वसाधारण तिकीटविक्री नसते. म्हणून वर्षानुवर्षं मुलं भाड्याचा टक्सीडो घालून ‘एक आमंत्रण द्या’ असा पुठ्ठा धरून सभागृहाबाहेर उभी राहत आली. पण तिथेही १८ ते २८ वयाच्यांसाठी ‘थ्री डेज इन कान’ नावाचा तीन दिवसांचा पास आहे. आपल्याला सिनेमा का आवडतो याचं पत्र लिहून अर्ज करायचा असतो. शिवाय फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रपटांचा वेगळा विभाग आहे. दिग्दर्शिका पायल कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना तिचा लघुपट २०१७ मध्ये त्या विभागात होता. २०२४ मध्ये तिनं तिथेच ग्रां प्री, म्हणजे कानचा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेतला.

अंगातला सूट: गोव्यात चपला घालून जा. कानच्या संध्याकाळच्या गाला खेळांना लागतो, इतर खेळांना नाही.

‘दोन महिन्यांत मोबाईलवर फुकट.’ दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. सात महिने झाले, आणि नेटफ्लिक्स फुकट नाही (काका, तुम्ही जावयाचा पासवर्ड वापरता). शिवाय हे मोठं नाव मिळवलेल्या मराठी चित्रपटाचं झालं. जॉर्जियाचा, चिलीचा एखादा पहिलावहिला चित्रपट आपल्या मोबाईलपर्यंत कधी पोचतच नाही. आणि भारतातल्या थिएटरात आलाच, तर सेन्सॉरकडून जाऊन येतो.

राहिलं शेवटचं वाक्य, पैसे आणि सेमिस्टर. इथे मी काकांच्या बाजूला बरीचशी आहे. प्रवास स्वस्तात होतो. ओखा–एर्नाकुलम गाडी बडोद्याहून थेट मडगावला जाते, पण आठवड्यातून दोनदाच. तिथून पणजीला बस. राहण्याचं मात्र जड जातं. आम्ही चौघी एका खोलीत राहिलो आणि रात्रीचं जेवण बहुतेक वेळा पाव-भाजी. तारखा साधारण २० ते २८ नोव्हेंबर, म्हणजे ऐन सबमिशनच्या दिवसांत. प्राध्यापकांना आधी भेटून, जर्नल पूर्ण दाखवून सुट्टी मागावी लागते. मी तसं केलं नव्हतं आणि एका विषयात त्याची किंमत मोजली. हे मी मुलीलाही सांगितलं, काकांसमोर.

तिची २६ तारखेला व्हायवा आहे. जायचं तिकीट कन्फर्म, यायचं वेटिंग ४१.