दुसऱ्याचा आकडा आणि आपल्या गेटवरची गाडी

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतक्या मनापासून लिहिलेल्या विरोधाला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की कंपनीने आपल्या आयटी सेवांचं बेंचमार्किंग करावं, म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या कामाशी ताडून बघावं. त्यातून त्या सेवा धंद्याच्या दिशेने चालल्या आहेत की नाहीत ते कळतं. त्यावर, कारखान्यात तीस वर्षं अकाउंट्स सांभाळलेले तुम्ही लिहिलंत की तुमच्याकडे हे सगळं झालं होतं. आयटीचा खर्च विक्रीच्या टक्क्यांत काढला, तो 'इंडस्ट्री'पेक्षा जास्त निघाला, हेल्पडेस्कची (कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवणारी) दोन माणसं गेली आणि पुढे काहीच सुधारलं नाही. दुसऱ्याचे आकडे आपल्याला लागू पडत नाहीत, आणि स्ट्रॅटेजी तर मालकाच्या डोक्यात असते, मग जुळवायचं कशाशी, असा तुमचा सवाल आहे.

तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मान्य करताना वाईटही वाटतं, कारण असा एक अहवाल बारा वर्षांपूर्वी मीही बनवला होता. विक्रीच्या टक्क्यांचा तक्ता पहिल्याच पानावर होता आणि त्यावर बोट ठेवून एका मुलाला घरी पाठवलं गेलं. रात्रपाळीला प्रिंटर, स्कॅनर, नेटवर्क सगळं तो एकटा बघायचा. तो गेल्यावर रात्री कोणाला फोन करायचा, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्यानंतर तो तक्ता मी कधी कुठल्या अहवालात घेतला नाही.

टक्का कसा फसवतो ते तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहितो. समजा विक्री २०० कोटी आणि आयटीचा खर्च १ कोटी ६० लाख, म्हणजे ०.८ टक्के. आता पत्र्याचा भाव चढला. गाड्यांच्या पार्टच्या धंद्यात कच्च्या मालाची भाववाढ बहुतेक वेळा ग्राहकाकडून मिळते, त्यामुळे एकही पार्ट जास्त न विकता विक्री २३० कोटी झाली. टक्का ०.७ वर आला. आयटीत कोणी इकडची काडी तिकडे केलेली नाही, तरी कागदावर सुधारणा दिसते. पुढच्या वर्षी भाव उतरला की तीच माणसं, तोच पगार, आणि तरी ती महाग ठरतात.

मग मोजायचं काय? चाकणची एक गोष्ट सांगतो.

पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट (प्रेस पार्ट) बनवणारी कंपनी, दोन प्लांट. आयटीचा महिन्याचा अहवाल चकाचक. ईआरपी, म्हणजे बिलापासून स्टॉकपर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, ९९.५ टक्के वेळ चालू, आणि करारात ठरलं होतं ९९. डिस्पॅचची, म्हणजे माल गाडीत भरून पाठवणारी माणसं मात्र रोज ओरडत होती. शेवटी एक दिवस मी पहाटे साडेपाचला जाऊन गेटजवळच्या खोलीत बसलो. तिथल्या क्लार्ककडे लाल रेघांची एक लांब वही होती. गाडी भरून झाल्याची वेळ एका रकान्यात, बिल हातात आल्याची वेळ दुसऱ्या रकान्यात. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, उशिराचं खापर आपल्यावर फुटू नये म्हणून त्याने स्वतःहून ठेवलेली. दुपारी, संध्याकाळी दोन्ही वेळांत सहा-सात मिनिटांचं अंतर. सकाळी सहा ते साडेसातच्या नोंदी बघितल्या तर पस्तीस, चाळीस, एके दिवशी तर पंचावन्न मिनिटं. समोर गाडी ताडपत्री बांधून उभी, ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा झालेला आणि क्लार्क स्क्रीनवर फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेला.

पूर्वी सिस्टिम अडली तर हाताने बिल फाडून गाडी सोडता यायची. ती वाट आता बंद झाली आहे. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढावाच लागतो. सरकारी पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, आल्याशिवाय ते बिल कायद्याच्या लेखी बिलच नाही. म्हणजे सर्व्हर रूममधली रखडपट्टी आता थेट गेटवर येऊन उभी राहते.

आणि त्या ९९.५ टक्क्यांचा हिशेब करून बघा. तीस दिवसांचे ७२० तास, त्यातला अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. हा वेळ रविवारी दुपारी गेला तर कोणाला पत्ताही लागणार नाही. पहिल्या पाळीच्या डिस्पॅचला गेला तर ग्राहकाची लाइन थांबू शकते. त्यात सिस्टिम नुसती हळू चालत असेल तर ती 'चालू' म्हणूनच मोजली जाते. त्या सकाळचा एक मिनिटही त्या अहवालात बंद म्हणून धरलेला नव्हता.

आता बेंचमार्किंग. आम्ही बाहेरचा एकही आकडा आणला नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटशी तुलना केली. तेच सॉफ्टवेअर, तसलाच सर्व्हर, सकाळची तीच घाई, आणि तिथे बिल नऊ मिनिटांत हातात. फरक शोधायला दोन दिवस लागले. पहिल्या प्लांटमध्ये डेटा वाढत गेला तसा रात्रीचा बॅकअप लांबत लांबत साडेसहापर्यंत आला होता, आणि वरच्या साहेबांसाठीचा एमआयएस रिपोर्ट (रोजच्या कामाच्या आकड्यांचा गोषवारा) बरोबर सहाला सुरू व्हायचा. दुसऱ्या प्लांटमध्ये दोन्ही कामं चारच्या आत उरकायची. बॅकअप संध्याकाळची पाळी सुटताच लावला, रिपोर्ट तीनला ओढला. पुढच्या आठवड्यात वहीत दहा-अकरा मिनिटं दिसू लागली. नव्या सर्व्हरचं कोटेशन तोवर सहीसाठी टेबलावर येऊन पडलं होतं.

'दुसऱ्याचे आकडे' या तुमच्या आक्षेपाकडे येतो. नुसता आकडा आणला तर तो निरुपयोगीच, इथे आपलं एकमत आहे. पण दुसरा काम कसं करतो हे बघणं ही वेगळी गोष्ट. बेंचमार्किंग हा शब्द ज्या कंपनीमुळे रूढ झाला त्या झेरॉक्सचंच घ्या. जपानी कंपन्यांची स्वस्त यंत्रं आल्यावर १९७९ च्या सुमारास त्यांनी तुलना सुरू केली. त्यांच्या गोदामातून माल काढायला वेळ लागत होता, म्हणून रॉबर्ट कॅम्प आणि त्यांचे सहकारी एल. एल. बीन या कंपनीकडे गेले. ती कंपनी टपालाने कपडे आणि भटकंतीचं सामान विकणारी, कॉपीयंत्रांशी तिचा काही संबंध नाही. तिथे त्यांना दिसलं की जास्त खपाचा माल पॅकिंगच्या जवळ ठेवतात आणि आलेल्या ऑर्डरी अशा लावतात की माल काढणाऱ्याची पायपीट कमी व्हावी. झेरॉक्सला आपली अडचण आधी ठाऊक होती, तुलना त्यानंतर आली. तुमच्या कंपनीत हा क्रम उलटा झाला.

काही ठिकाणी मात्र बाजाराचा साधा भावच पुरतो. लॅपटॉप, इंटरनेटची लाइन, ईमेलचं लायसन्स यांत आपण जास्त देत असलो तर जास्तच देतोय. त्यात फार खोलात जायची गरज नाही.

राहिली स्ट्रॅटेजी. ती मालकाच्या डोक्यात असते हे खरं, पण डोक्यातलं बोलण्यात येतंच. याच कंपनीचे मालक चहा पिताना म्हणाले, "दुचाकीच्या पार्टवर किती दिवस काढायचे? दोन वर्षांत चारचाकीत शिरायचंय." मी विचारलं, चारचाकीवाले काय मागतात? म्हणाले, "मिल्क रन." म्हणजे ग्राहकाची गाडी ठरल्या वेळी एकेका पुरवठादाराकडे जाते आणि अर्ध्या तासात माल उचलून पुढे निघते. ज्या कंपनीचं सकाळचं बिल चाळीस मिनिटांनी निघतं ती या धंद्यात शिरणार कशी? कागदावर एक ओळ नव्हती, पण आयटीने पहिल्यांदा कुठे लक्ष द्यायचं ते त्या चहात ठरलं. हेल्पडेस्कवर डिस्पॅचचा प्रिंटर आणि कोणाचा तरी विसरलेला पासवर्ड तोवर एकाच रांगेत उभे होते. दुसऱ्या दिवशीपासून प्रिंटरची तक्रार सगळ्यात वर गेली.

हे फक्त चाकणपुरतं नाही. वारंवार सेवा बंद पडल्या म्हणून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, बाकीची मार्च २०२२ मध्ये. एवढ्या मोठ्या बँकेची वाढ जिथे आयटी सेवेपाशी अडली, तिथे 'आयटी म्हणजे वीज-पाण्यासारखा खर्च' हे तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मला पटत नाही.

तुमच्याकडून एक जाणून घ्यायचं आहे. तुमचं महिन्याचं क्लोजिंग, म्हणजे हिशेब बंद करणं, कितव्या तारखेला व्हायचं, आणि त्यातले किती दिवस सिस्टिममधून आकडे यायची वाट बघण्यात जायचे? दोन प्लांट असतील तर दोन्हींच्या तारखा आठवून बघा. लिहिलंत तर पुढचा लेख तिथूनच सुरू करेन.