थिओफिलस सिबर : एका ओळीत निकालात काढू नका हो

तुमचा लेख झकास, पण त्यात अठराव्या शतकातला इंग्लिश नट थिओफिलस सिबर याला 'बापाच्या जिवावर उड्या मारणारा' म्हणून सोडून दिलंय ते काही पटलं नाही. बाप कॉली सिबर म्हणजे लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरच्या मालकांपैकी एक, वर १७३० पासून राजकवी, बहीण शार्लट चार्क पण नटी, अख्खं घरच तोंडाला रंग लावून, पण म्हाताऱ्याने आपला हिस्सा हायमोर नावाच्या बाहेरच्याला विकला तेव्हा ह्याच पोराने १७३३ ला बरीचशी नटमंडळी फोडून लंडनच्याच हेमार्केट थिएटरात वेगळी चूल मांडली! शेक्सपियरच्या नाटकातला बढाईखोर शिपाई पिस्टल तर असा करायचा की लोक त्याला पिस्टलच म्हणायला लागले. आणि १७४४ मध्ये 'रोमिओ अँड ज्युलिएट' स्वतः नव्याने बेतून हा रोमिओ झाला, ज्युलिएट कोण तर सख्खी मुलगी 😅

बायकोच्या बाबतीत मात्र नालायकच, वादच नाही. सुझाना एवढी गुणी गायिका, तिच्या पगारावर डोळा, तिचा प्रियकर स्लोपर, त्याला स्वतःच घरात घेतलं आणि मग बायकोशी संबंध ठेवले म्हणून त्याच्यावरच ५००० पौंडांचा दावा ठोकला, ज्युरीने टेकवले १०. पुढे संगीतकार हँडेलच्या 'मसाया' या धार्मिक गानकृतीत डब्लिनला गायली ती हीच. आता शार्लटवर पण लिहा, पुरुषी कपड्यात वावरायची ती, आत्मचरित्र पण आहे तिचं.